सोफ्यावरून सिल्क बोर्डला

बंगळूरुत शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण एप्रिलच्या मध्याला लागते आणि मे संपता संपता सरते. हे सहाएक आठवडे मुलं घरी असतात. आई-बापही घरीच असतात, पण वेगवेगळ्या खोल्यांत दारं लावून कॅलिफोर्नियाशी बोलत असतात. अशा घरांत मनुष्यबळ कमी पडू नये म्हणून सांगली-मिरज, पुणे-सोलापूर अशा ठिकाणांहून आजी-आजोबांची आयात होते. आम्ही त्या मालातले. राणी चन्नम्मा एक्सप्रेसला मिरजेत बसायचं, बेळगाव गेलं की डबा सोडायचा, हुबळीच्या सुमाराला आडवं व्हायचं आणि तुमकूर आलं की ‘‘आलं का?’’ म्हणत उठायचं, एवढाच तो प्रवास. त्याचा शीण येत नाही. शीण येतो तो स्टेशनपासून व्हाइटफील्डपर्यंतचा.

यंदा आम्ही पोचलो तेव्हा हॉलच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लागला होता. ‘‘बाबा, या सुट्टीत बाहेर कुठे जाणं जमत नाही, दोघांच्याही रिलीज आहेत,’’ सूनबाई म्हणाल्या. (रिलीज म्हणजे सिनेमा नव्हे, एवढं आता मला कळतं.) ‘‘म्हणून घरातल्या घरातच मुलांना प्रवासाची गोडी लावायची. दर आठवड्याला एक देश. तिथलं खाणं, तिथली गाणी, झेंडा, नमस्कार करायची पद्धत.’’ पुठ्ठ्याचे पासपोर्ट तयार होते. बटाटे कोरून शिक्के केले होते. योजनेत नाव ठेवायला जागा नव्हती.

सोमवारी जपान सुरू झाला. हिने भात पोळीत गुंडाळून त्याचे गोल काप केले. त्याला सुशी म्हणायचं ठरलं. मुलांनी ती लिंबाच्या लोणच्याशी खाल्ली. कमरेत वाकून नमस्कार एकदा झाला. फुजी पर्वत अर्धा रंगला. मग पासपोर्ट आणि शिक्के धाकट्याच्या हाती लागले आणि जपान तिथेच संपला. सात वर्षांच्या त्या गृहस्थाने बापाची चाकाची खुर्ची पॅसेजमध्ये ओढली, समोर इस्त्रीचं टेबल आडवं घातलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि स्वतःची इमिग्रेशन अधिकारी म्हणून नेमणूक करून टाकली. फ्लॅटची रचनाच अशी, की स्वयंपाकघर, देवघर आणि न्हाणीघर ही तिन्ही ठिकाणं त्या क्षणापासून परदेशात गेली. शिक्क्यावाचून हिला देवापुढे उदबत्ती लावता येईना. मला एकदा अत्यंत निकडीच्या वेळी ‘‘परपज ऑफ व्हिजिट?’’ असं विचारण्यात आलं. मी खरं ते सांगितलं. त्यावर ‘‘किती दिवस राहणार?’’ हा पुढचा प्रश्न आला.

जपान बघण्यात कुणालाच रस नव्हता. जपानात कुणाला सोडायचं नाही, यात मात्र दोन्ही मुलांचा जीव गुंतला होता. पुढे इटली झाली, केनिया झाला. झेंडे बदलले, अधिकारी तोच.

मोठ्या माणसांना प्रवास म्हटलं की गाव दिसतं. पोरांना दिसते ती खाकी, शिट्टी, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आणि ‘‘पुढे सरका’’ म्हणण्याचा अधिकार. मुलांना गाव नको असतं, हुद्दा हवा असतो. आम्ही मिरज जंक्शनची पोरं. बंगळूरुची मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा दोन्ही गाड्या बघत वाढलो. वाड्यात दोरीची आगगाडी व्हायची. पुढच्या टोकाला ड्रायव्हर, मागच्या टोकाला गार्ड, मध्ये टीसी. गाडी कुठे चालली आहे हे कुणी कधी विचारलं नाही. उतारू व्हायला मात्र कुणी तयार नसे. त्या कामाला कुणाचा तरी धाकटा भाऊ धरून आणावा लागे, आणि तो बिचारा अख्खी सुट्टी विनातिकीट पकडला जाई.

घरबसल्या प्रवास करून ज्याने नाव कमावलं तो झाव्हिए द मेस्त्र हा सैन्यातला अधिकारी. १७९० साली तुरिन शहरात द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल त्याला ४२ दिवस स्वतःच्या खोलीत स्थानबद्ध करून ठेवलं होतं. त्याने त्या मुदतीत खोलीचीच सफर केली. आरामखुर्चीपासून पलंग, पलंगापासून भिंतीवरची चित्रं, असा मुलूख तुडवत त्याने ४२ प्रकरणांचं प्रवासवर्णन लिहिलं. ४२ दिवस म्हणजे सहा आठवडे, आमच्या सुट्टीएवढेच. त्याच्या दिमतीला एक नोकर होता आणि सोबतीला एक कुत्री. मुलं नव्हती. पुस्तक पुरं झालं ते त्यामुळे.

देशांचा कंटाळा आला तशी मुलं आपल्या मुलखात परतली, म्हणजे बीएमटीसीच्या बसमध्ये. सोफा आणि दोन मोडे मिळून ५००-डी झाली. बाहेरच्या रिंगरोडने हेब्बाळहून सिल्क बोर्डला जाणारी ही बस इकडच्या पोरांना नावानिशी माहीत असते. नात दहा वर्षांची, ती ड्रायव्हर. धाकट्याने हिची जुनी पर्स खांद्यावर तिरकी अडकवली, शिट्टी तोंडात धरली आणि ‘‘मुंदे होगि, मुंदे होगि’’ असा घोष सुरू केला. सोफ्यावर पुढे सरकायला जागा नव्हती. पण ती खऱ्या बसमध्येही नसते.

पहिली उतारू म्हणजे खालच्या मजल्यावरची नातीची मैत्रीण. ती चढली, ‘‘शक्ती’’ एवढंच म्हणाली आणि खिडकीशी बसली. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसमध्ये महिलांना प्रवास फुकट आहे, त्या योजनेचं हे नाव. प्रवास फुकट असला तरी तिकीट घ्यावंच लागतं, शून्य रुपयांचं. त्या तिकिटांच्या हिशोबावर सरकार महामंडळाला पैसे देतं. कंडक्टरला हे सगळं मुखोद्गत होतं. त्याने कालनिर्णयचा मागचा महिना फाडून तिला एक शून्य दिलं. मग ड्रायव्हरबाईंनाही दिलं, कारण त्याही महिलाच.

मग ही चढली आणि तितक्याच ऐटीत ‘‘शक्ती’’ म्हणाली. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं. पत्ता मिरजेचा निघाला.

‘‘आजी, हे महाराष्ट्राचं आहे. तुम्हाला तिकीट पडेल.’’

‘‘अरे, पण मी बाईच आहे ना?’’

‘‘आहात. पण कर्नाटकातल्या नाही.’’

‘‘आमच्याकडे एस्टीत बायकांना अर्धं तिकीट असतं!’’ हे खरं आहे. मार्च २०२३ पासून आहे.

‘‘ते मिरजेच्या स्टँडवर सांगा.’’

१९५६ पासून न सुटलेला सीमाप्रश्न अशा रीतीने आमच्या सोफ्यावर येऊन बसला. ही माहेरची बेळगावची. बेळगाव कुणाचं, या प्रश्नावर तिच्या माहेरी अजून जेवणाची ताटं निवतात. मोर्चात गेलेल्या, लाठ्या खाल्लेल्या माणसांच्या घरात ती वाढली. त्या बाईने पाच रुपये वाचवण्यासाठी कंबरेवर हात ठेवून जाहीर केलं, ‘‘माझा जन्म बेळगावचा आहे. मी कर्नाटकचीच!’’ थोरले मेहुणे हयात नाहीत, ते बरं.

कंडक्टर बधला नाही. जन्म नव्हे, पत्ता बघतात, असं तो म्हणाला. तिला पूर्ण तिकीट पडलं आणि मला तर अर्थातच. अख्ख्या बसचा महसूल आम्हा दोघांवर उभा होता. मी माझ्या तिकिटासाठी दहाची नोट काढली. ‘‘चिल्लरे इल्ला,’’ म्हणत त्याने तिकिटाच्या पाठीमागे ५ हा आकडा लिहिला, त्याला गोल केला आणि सुटे उतरताना घ्या असं सांगितलं. इथले कंडक्टर हुबेहूब असंच करतात. उतरायची वेळ काही आली नाही, कारण बस सिल्क बोर्डला अडकली.

सेंट्रल सिल्क बोर्ड ही केंद्र सरकारची संस्था, १९४८च्या कायद्याने स्थापन झालेली. काम रेशीम उद्योगाचं. तिच्या कार्यालयाजवळच्या चौकाला तिचं नाव चिकटलं आणि त्या चौकात गाड्या तुंबायला लागल्या. आज गुवाहाटीतल्या माणसालासुद्धा सिल्क बोर्ड माहीत असतं; तिथे रेशमाचा काही संबंध आहे म्हटलं तर तो दचकेल. आमच्या घरात सिल्क बोर्ड आलं ते सोफा आणि जेवणाचं टेबल यांच्यामध्ये. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळे गप्प बसले. मला वाटलं खेळ संपला, म्हणून उठायला लागलो तर तिघंही ओरडली, ‘‘आजोबा, जॅम आहे!’’

जॅम हाच खेळ होता. नातीने स्टिअरिंगवर हनुवटी टेकली. तिच्या मैत्रिणीने कानाला रिमोट लावून कुणाला तरी ‘‘ऑलमोस्ट देअर’’ असं धडधडीत खोटं सांगितलं आणि मग त्याच रिमोटवर हळू आवाजात मीटिंग सुरू केली. कंडक्टर खिडकीला डोकं लावून झोपला, आणि थोड्या वेळाने खरोखरच झोपला. कितीतरी वेळ घरात चकार शब्द नाही. सूनबाईंनी घाबरून दार किलकिलं केलं, बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो जपानच्या वेळी दिसला नव्हता. त्या दिवसापासून आमच्याकडे फर्माईश यायला लागली: ‘‘बाबा, चार वाजता माझा कॉल आहे. तेवढं सिल्क बोर्ड करता का?’’

टॅक्सीच्या ॲपचा खेळ एकदाच झाला. ड्रायव्हर झालेला धाकटा गॅलरीतून बराच वेळ ‘‘टू मिनिट्स’’ म्हणत राहिला, मग कुठे जायचं आहे ते विचारलं, ट्रिप रद्द केली आणि आंबा खायला गेला. अभिनयाबद्दल सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

मेट्रोत मात्र काम जास्त, कारण तिथे बोलावं लागतं. ‘‘मुंदिन निल्दाण’’ म्हणून पुढचं स्टेशन, मग ते इंग्रजीत, मग दारं कुठल्या बाजूला उघडणार ते. जांभळ्या मार्गाची स्टेशनं नात एका दमात म्हणते: इंदिरानगर, हलसूरु, ट्रिनिटी, एम. जी. रोड, कबन पार्क, विधान सौध, सर एम. विश्वेश्वरय्या. इथे मी तिला थांबवलं. शिकवण्याची खाज मला जुनीच. म्हटलं, ‘‘विश्वेश्वरय्या म्हणजे कोण, माहीत आहे का? आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली, १९०३ साली!’’

धाकट्याने शांतपणे विचारलं, ‘‘डावीकडे उघडतात का उजवीकडे?’’

खऱ्या गाडीत बसवावं म्हणून त्यांना कबन पार्कातल्या बाल भवनात नेलं. तिथे पुटाणी एक्सप्रेस नावाची छोटी आगगाडी आहे, बागेतून चक्कर मारून आणते. झाडं सुंदर, वारा सुंदर, आम्ही दोघं खूश. धाकटा खाली उतरला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आजोबा, हे तर तेच स्टेशन आहे.’’ त्याहून मोठी तक्रार म्हणजे टीसी नव्हता.

म्हैसूरला जाताना चन्नपट्टणला थांबायचं माझ्या मनात होतं. बंगळूरुपासून साठ किलोमीटरवरचं हे लाकडी खेळण्यांचं गाव. ‘आले मर’ नावाच्या झाडाचं पांढरं, मऊ लाकूड फिरत्या चरकावर धरायचं, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात मुरते, वरून केतकीच्या पानाने घासलं की चकाकी येते. मी हे सगळं मुलांना गाडीत रंगवून सांगत होतो, तेवढ्यात चन्नपट्टण मागे पडलं. २०२३ मध्ये नवा द्रुतगती मार्ग झाला तो गावाला वळसा घालून जातो. पूर्वी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांत टांगलेले घोडे-गाड्या बघून मुलं गाडी थांबवायला लावत आणि आई-बापांचा अर्धा तास जाई. तो अर्धा तास आता वाचतो. त्याचं लोक काय करतात ते मला कळलेलं नाही. बहुधा म्हैसूरच्या वेशीवर जॅममध्ये घालवत असावेत. येताना मी हट्टाने गाडी गावात घ्यायला लावली. मुलाने घड्याळ बघितलं, पण बोलला नाही. आमच्या वेळी सावंतवाडीची लाकडी केळी-सीताफळं घरी येत, ती खरी समजून पाहुणे चावत, तेवढाच त्यांचा उपयोग. इथे मी लाल-पिवळं इंजिन घेतलं, मागे दोन डबे, चाकं अशी सुळसुळीत की बोट लावलं की धावतात. घरी आल्यावर धाकट्याने ते सोफ्यावर ठेवलं आणि त्याला तिकीट विचारलं.

हुद्द्याच्या या हव्यासातून महाराजही सुटले नाहीत. मागच्या दिवाळीत आम्ही इथे होतो, तेव्हा मी किल्ला करायला घेतला. मराठी पोराचा पहिला ट्रेक अंगणातल्या किल्ल्यावरच होतो. बाराव्या मजल्यावर अंगण नसतं आणि माती ऑनलाइन येते. आलं ते कोकोपीट. त्या काथ्याच्या भुश्याचा बुरूज संध्याकाळी टेकडी होतो आणि सकाळी पठार. शेवटी शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली लाल माती आली, आणि लगोलग सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा आली: बाराव्या मजल्यावर कसलं बांधकाम चालू आहे, परवानगी घेतली आहे का? मी उत्तर लिहून तयार ठेवलं. हे शहरच मातीच्या किल्ल्यातून उभं राहिलं. केंपेगौडांनी तो १५३७ साली बांधला, हैदर अलीने १७६१ मध्ये दगडी केला. त्यांची परवानगी आधी दाखवा. मुलाने ते पाठवू दिलं नाही. केंपेगौडांचं नगररचनेचं तंत्रही पोरांना पटेल असंच होतं. चार बैलजोड्या नांगरासकट चार दिशांना सोडल्या आणि त्यांच्या तासांवरून रस्ते आखले, अशी आख्यायिका आहे. आज सोडल्या तर चारातली एकही जोडी तिन्हीसांजेच्या आत घरी येणार नाही.

तसा आमचा या गावावरचा हक्क जुना. १६३८ नंतर बंगळूरु शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, शिवराय लहानपणी काही काळ इथे राहून गेले. पुढे व्यंकोजीराजांच्या हातून ते गेलं आणि १६८७ साली मोगलांनी अख्खं बंगळूरु म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांना ३ लाख रुपयांना देऊन टाकलं. हा आकडा मुलासमोर उच्चारायचा नाही, असं घरात ठरलं आहे. त्याच्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जातो.

किल्ला कुठला करायचा यावर मुलांनी जिंजी सुचवला. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातला हाच एक महाराष्ट्राबाहेरचा, तमिळनाडूत. आणि बंगळूरुहून तो रायगडापेक्षा कितीतरी जवळ. टोल कमी लागेल, असं नात म्हणाली. मिरजेहून मावळे नेले होते. एकाच्याही वाट्याला तलवार चालवायचं काम आलं नाही. सगळ्यांची नेमणूक गेटवर. आमच्या सोसायटीच्या फाटकातून कोथिंबीरसुद्धा ओटीपीशिवाय आत येत नाही. तोच कारभार जिंजीत सुरू झाला. महाराजांची स्वारी दरवाजाशी आली तर धाकट्याने विचारलं, ‘‘कुठला फ्लॅट?’’ मी म्हटलं, ‘‘अरे, किल्ला त्यांचा आहे!’’ ‘‘ओनर असले तरी ओटीपी लागतो,’’ तो म्हणाला.

वरच्या मजल्यावरच्या कन्नड अज्जी किल्ला बघायला आल्या. त्यांच्याकडे दसऱ्याला गोंबे मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांचं अख्खं जग. सगळ्यात वरच्या पायरीवर पट्टद गोंबे, म्हणजे लाकडी राजा-राणी. मुलीला लग्नात माहेरून मिळतात. अज्जींनी जिंजी चहूबाजूंनी न्याहाळला आणि एकच शंका काढली: राजा आहे, राणी कुठे? राणीशिवाय राज्य त्यांना पटेना. वर जाऊन त्या आपली राणी घेऊन आल्या, काळ्याभोर लाकडाची, जरीच्या लुगड्यातली, महाराजांच्या तिप्पट उंच. तिला गेटवर कुणी अडवलं नाही. अज्जी समोर उभ्या होत्या.

सुट्टीचा शेवटचा आठवडा सूनबाईंनी फ्रान्ससाठी राखून ठेवला होता. पण तोवर नातीला सगळ्यांत वरचा हुद्दा सापडला. दाराआडून दिवसभर जे कानावर पडतं, त्यावरून तिने ओळखलं होतं की या शहरात कोण कुठे जाणार हे ड्रायव्हर ठरवत नाही, टीसी ठरवत नाही. रजा मंजूर करणारा ठरवतो. तिने लॅपटॉपचं रिकामं खोकं जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलं आणि ती मॅनेजर झाली. फ्रान्सला जायचं, तर आधी अर्ज. माझा अर्ज ‘‘तुमचं काम कोण बघणार?’’ या शेऱ्यासह परत आला. हिला अर्धा दिवस मिळाला. आयफेल टॉवरच्या चित्रावर पोळ्यांचा डबा ठेवला गेला, तो तसाच राहिला.

आमच्या परतीच्या आदल्या दिवशी मुलगा खोलीबाहेर आला. कानातलं यंत्र काढून टेबलासमोर उभा राहिला.

‘‘मॅडम, दोन दिवस रजा हवी होती.’’

‘‘कारण?’’

‘‘आई-बाबांना मिरजेला सोडायचं आहे.’’

तिने खोक्याच्या पुठ्ठ्यावर बोटं आपटली आणि तिथे जे काही दिसत होतं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

‘‘रजा नाही. लॅपटॉप घेऊन जा, गाडीतून काम करा.’’

‘‘लोंढ्याच्या जंगलात नेटवर्क नसतं,’’ तो म्हणाला, आणि आवाज अगदी खरा निघाला.

‘‘मग धारवाड ते बेळगाव हाफ डे टाका.’’